तुलनेचं रक्त

अंगावर बधिर चट्टा उमटण्याआधीच थेंबभर रक्तावरून कुष्ठरोग ओळखणारी पट्टी आम्ही चार वर्षं बनवत होतो. रोग्याच्या रक्ताने तिच्यावर लाल रेघ यायची, पण तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी रक्तानेही यायची. ते रक्त माझंच असायचं. दर वेळी दुसऱ्या कुणाच्या हातापाया पडणार?

आज सरांनी शेवटची पट्टी बघून कचऱ्यात टाकली. "मुसळ केरात गेलं. उद्यापासून हे काम बंद."

मी डोळे पुसत टेबलावर हात टेकून उभी राहिले.



"अहो ताई, हात काढा," म्हणत बाटल्या धुणाऱ्या मावशींनी माझं मनगट खसकन ओढलं; हाताखाली टेबलावरची विजेची शेगडी तापलेली होती, तळवा भाजला होता आणि मला काहीच कळलं नव्हतं.