परीक्षेचा पेशंट

“घाबरायचं तू, आणि घाम मला!” असं सुतारकाका म्हणाले, तेव्हा कुठे ती पोरगी जरा हसली. मग स्टेथोस्कोप कानाला लावून त्यांच्या छातीशी वाकली.

दर वर्षी डॉक्टरकीच्या परीक्षेला काका पेशंट म्हणून इस्पितळातल्या या खाटेवर बसायचे. बारा वर्षांपूर्वी जंतूंनी त्यांच्या हृदयाची एक झडप कुरतडली होती. सहा आठवडे इंजेक्शनं घेऊन जीव वाचला, पण झडप गळकी ती गळकीच. परीक्षेला बसलेल्यांनी छाती ऐकून ते ओळखायचं. आज सकाळी बायको म्हणाली होती, “अंग कोमट लागतंय, नका जाऊ.” पण काका कसले ऐकतात! आपल्या छातीवर शंभरेक डॉक्टर झाले, याचा त्यांना केवढा तोरा.

“कितवी खेप?” त्यांनी हळूच विचारलं.

“तिसरी. शेवटची. आज नापास झाले तर संपलंच, काका.”

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. परीक्षक पलीकडच्या खाटेशी पाठमोरे उभे होते. काका पुटपुटले, “डावीकडची झडप गळते. जुनं दुखणं, आता धडधाकट. एवढं घडाघडा बोल, की सुटलीस.”

तिनं मान डोलावली, पण पुन्हा ऐकतच बसली. मग त्यांचा हात हातात घेऊन बोटं न्याहाळायला लागली. आता हिला काय म्हणावं! नखांखाली बारीक तांबूस रेघा होत्या.

“कुसळं गं ती, लाकडाची,” काका वैतागले. “सुताराच्या नखात दुसरं काय असणार? वेळ नको घालवू.”

“शेवटचा रंधा कधी मारलात?”

“झाला की महिना. हल्ली उठवतच नाही.”

परीक्षक येऊन उभे राहिले. “हं. निदान?”

काकांनी डोळ्यांनीच तिला खुणावलं, बोल, बोल. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचा हात परीक्षकांपुढे धरला.

“सर, उत्तर मला यांनीच सांगितलंय,” ती म्हणाली. “पण ते मागच्या वर्षीचं आहे. नखांखालची ही कुसळं नाहीत, रक्त आहे. झडपेवर जंतू परत आलेत. माझी परीक्षा राहू दे, यांना आधी भरती करा.”