मादामचं हस्तांदोलन

बाईचं सोंग घेऊन क्लिफर्डने चाळीस वर्षं ज्या पबात लोकांना हसवलं, त्याच्याच भिंतीवर ‘मादाम मार्मालेड’ या त्याच्या सोंगाच्या नावाची पाटी लागली. पडदा ओढायला नगरसेवक पिकरिंग आले. “मादाम म्हणजे आपल्या गावाची शान! मी तर यांचा जुना चाहता,” ते म्हणाले. झगा, केसांचा टोप आणि खोट्या पापण्या अशा सोंगात मादाम शेजारीच उभी होती.

पिकरिंगांनी हात पुढे केला आणि कॅमेऱ्याकडे बघून दात काढले.

“अगं, दे की हात,” पबची मालकीण मॉरीन पुटपुटली. “अख्खं गाव बघतंय.”

“देते ना. आधी तुझे भांडी घासायचे हातमोजे आण.”

गुलाबी रबरी मोजे आले. मादामने एकेक बोट ताणत ते कोपरापर्यंत चढवले. लोक खो खो हसले. त्यांना वाटलं, खेळ सुरू झाला. पिकरिंगही हसले. “माझ्याशी हात मिळवायला एवढा थाट?”

“थाट कसला, साहेब! तुम्ही पोलिसात होतात तेव्हा छापा घालून मला इथल्याच स्टेजवरून ओढत नेलंत, ते असलेच मोजे घालून. आम्हा गे लोकांना शिवलं तर एड्स होतो म्हणे. तेव्हा फार राग आला होता मला तुमचा.”

मादामने मोज्यातला हात पुढे केला.

“आता पटतंय. घाणीला हात लावायचा तर मोजे घालावेतच.”