चोवीस तासांची ऊब

“कोंबडी अंड्यावर बसते ना, तशी जपायची,” म्हणत गुणाबाईंनी विहिरीच्या पाण्याने भरलेली ती तपासणीची बोटभर बाटली उन्नतीच्या ओढणीच्या टोकात गाठ मारून बांधली. “थंडीचे दिवस हायेत. ऊब मिळाली न्हाय तर हिला काय कळनार न्हाय. चोवीस तास अंगाशी ठेवायची. काळी पडली तर पानी खराब. न्हाय पडली तर पास!”

गुणाबाई गावच्या पाणी समितीच्या अध्यक्ष. टाकी बांधून झाली होती. आता तिच्यात कुठल्या विहिरीचं पाणी चढवायचं, ते ठरायचं होतं. आगरआळीत उन्नतीच्या आबांची, केसरीनाथांची विहीर. मोहल्ल्यात नबीलाच्या अब्बांची, इक्बालचाचांची. जिची बाटली काळी, त्या विहिरीला कुलूप. मग घरोघरी नळ येईपर्यंत त्या वस्तीने दुसऱ्यांच्या विहिरीवर हंडे घेऊन उभं राहायचं.

नंतर कुणी कुणावर आळ घ्यायला नको, म्हणून समितीने शक्कल काढली होती. मोहल्ल्याची बाटली आगरआळीतल्या मुलीने उबवायची, आगरआळीची मोहल्ल्यातल्या मुलीने. उन्नती आणि नबीला दोघी दहावीत, एकाच बाकावर.

“आमचंच पाणी पास होणार, बघ तू,” नबीला म्हणाली.

“तुमच्या पाण्यात आधी डाळ तरी शिजते का गं?”

“आणि तुमच्या पाण्याचा चहा? अब्बा म्हणतात, शिक्षा आहे शिक्षा!”

दोघी खिदळत आपापल्या वाटेने सुटल्या.

उन्नती बांधावरून चालली होती. एका बाजूला गोदामांचे निळे पत्रे, दुसऱ्या बाजूला वालाची हिरवी रोपं, आणि मध्ये ती. ऊन मधासारखं अंगावर ओघळत होतं. कमरेशी बाटली हळूहळू कोमट होत होती. तिला वाटलं, आपल्याला आणखी एक इवलंसं काळीज फुटलंय. अख्खी विहीर आपण ओढणीत बांधून नेतोय, कासवांसकट, वरच्या आभाळासकट!

आणि मग तिला दोन वर्षांपूर्वीचा मे आठवला.

मोहल्ल्याची विहीर आटली होती. नबीला निळी कळशी घेऊन त्यांच्या विहिरीवर आली होती. “मोहल्ल्याचा नंबर शेवटी!” काकू सगळ्यांसमोर ओरडली होती. नबीलाने उन्नतीकडे पाहिलं होतं. उन्नतीने विहिरीत पाहिलं होतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पंधरा दिवस बाकावर दोघींच्या मध्ये दप्तर होतं.

बाटली काळी पडली तर ती कळशी परत येणार. ती रांग परत लागणार.

घरी आल्या आल्या उन्नतीने गाठ सोडली. बाटली फ्रिजमध्ये ठेवली, मेथीच्या जुडीखाली. झोपलेल्या बाटलीला काय कळणार? तिला एकदम हलकं हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेंढ्याच्या ढिगावर ऊन खात पडली आणि तिचा डोळा लागला. स्वप्नात गाव पाण्याखाली होतं, पण कुणी बुडत नव्हतं. माणसं तरंगत एकमेकांच्या घरी जात होती. गोदामांच्या पत्र्यांवरून मासे घसरगुंडी खेळत होते. सगळीकडे मधाच्या रंगाचं पाणी. मध्येच नबीलाचा धाकटा भाऊ इमाद पेला घेऊन आला. प्यायला, हसला, परत प्यायला. प्रत्येक घोटाला तो लहान होत गेला. पेल्याएवढा. मग चमच्याएवढा. हसू तेवढं तसंच.

ती दचकून उठली. गेल्या पावसाळ्यात इमाद खरंच चार दिवस सलाईनवर होता. त्याला कुठलं पाणी बाधलं, ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. म्हणून तर ही तपासणी होती.

बैठकीची वेळ झाली होती. तिने बाटली पुसली आणि पळतच शाळेची पडवी गाठली.

स्टीलच्या ताटात दोन्ही बाटल्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही पिवळसर, नितळ. एकही काळी नाही! टाळ्या पडल्या. केसरीनाथांनी इक्बालचाचांना मिठीच मारली. “आता चहा तुमच्या पान्याचा नि डाळ आमच्या पान्याची!” पाणी सोडणारा काळूराम पाना उचलून टाकीकडे निघाला. टाकीखालच्या नव्या नळाला इमाद आधीच तोंड लावून बसला होता.

“काळूकाका, थांबा!”

उन्नती उठून उभी होती. आवाज तिचाच होता, स्वच्छ.

“माझी बाटली खरी नाही. मी ती फ्रिजमध्ये ठेवली होती. कालपासून.”

काळूराम पाना हातात धरून मागे वळला.

“अगो, काय केलंस ह्या!” केसरीनाथ मटकन खाली बसले. “मोहल्ल्याला काय तोंड दाखवू मी?”

इक्बालचाचा मात्र चिडले नाहीत. “पण बेटा, का?”

“काळी पडली असती तर नबीलाला आमच्या विहिरीवर रांगेत उभं राहावं लागलं असतं. मला ते परत बघायचं नव्हतं.” ती इक्बालचाचांकडे वळली. “पण इमाद तेच पाणी पिणार आहे, चाचा.”

गुणाबाईंनी कपाळावर हात मारला. मग पदर खोचला. “झाला ते झाला. मोहल्ल्याची बाटली आज परत भरू. आगरआळीची तर पक्की हाय ना? काळूराम, तवर तीच जोड.” आणि त्यांनी ताटातल्या दुसऱ्या बाटलीकडे हात नेला.

नबीलाने झटकन बाटलीवर तळवा ठेवला. तिचे कान लालबुंद झाले होते.

“गुणामावशी, ती नका उचलू,” ती म्हणाली. “ती पण गार आहे.”