कडू पुडी

"तोंड उघड गो, बाय माजी," भागुबाई म्हणाली आणि औषधाची शिंपली तिने रंगूच्या ओठांना टेकवली.

रंगूने डोळे गच्च मिटले. आईने, केसरने, तिचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. रंगूने घोट गिळला आणि असं काही तोंड वाकडं केलं की केसरचाच जीव कासावीस झाला.

"झालं, झालं. ह्यो गूळ घे."

रंगूने खडा मुठीत धरला. पूर्वी पुडी पोटात जायच्या आत गुळासाठी हात पुढे यायचा. हल्ली खडा मुठीतच राही आणि मनात येईल तेव्हा सावकाश तोंडात जाई. आजारपणात पोर शहाणी झाली, असं केसरला वाटे. नऊ वर्षांच्या पोरीने असं शहाणं व्हावं, यात आईने सुख ते काय मानायचं! पण केसर बापडी मानत होती.

रंगूला क्षय होता. चोपन्न सालच्या त्या पावसाळ्यात क्षयावर नवी औषधं निघाली होती खरी, पण ती मुंबईत. बोर्ली पंचतनच्या खालच्या अंगाला, समुद्रालगतच्या या कोळीवाड्यात ती आगबोटीने यायची. आगबोट नारळी पौर्णिमेपर्यंत बंद आणि रस्ता दरडींनी बुजलेला. औषधात खंड पडला तर पोर हातची जाईल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

आईच्या हातून रंगू औषध घेत नसे, सरळ थुंकून टाकी. म्हणून शेजारची भागुबाई रोज सकाळी येऊ लागली. ती सुईणपण करायची, हट्टी पोरांना कसं वळवायचं हे तिला ठाऊक होतं. पावसाचा जोर वाढला तेव्हा पुड्यांचा डबाही तिने आपल्या घरी नेला. "तुज्या घरात गळतंय गो, भिजतील," म्हणाली. तेव्हापासून ती रोज एक पुडी पदराच्या गाठीला बांधून आणायची.

आजही ती जात्यावरून उठून तशीच आली होती. पदराला पिठाचे हात पुसत तिने रंगूच्या अंगावरची गोधडी सारखी केली. रंगूला खोकल्याची उबळ आली. उबळ बराच वेळ थांबली नाही.

"खोकला वाढलाय, भागुबाय," केसर म्हणाली. "आनि काल तू गेल्यावर उगाच रडाया लागली. मी पुडीचा कागद उचलत व्हते, तं हिनं भोकाडच पसरलं. सगळं टाकून हिला उराशी धरली."

"अशक्तपना हाय. औषध लागू व्हायाला येळ लागतो."

दारात रंगूचा बाप काळूराम उभा होता. त्याची नजर समुद्रावर होती. होडी वर ओढून झापांखाली झाकून ठेवलेली.

"पुड्या पुरतील ना गो?" त्याने मागे न बघता विचारलं.

"पुरतील."

"सरल्या तं आदी मना सांग. मी होडी घालतो. रेवदंड्यापरत जावं लागलं तरी जाईन."

"न्हाय सरत."

"सरल्या तं सांग, म्हंतो मी."

केसरने पडवीकडे बघितलं. तिथे एक फळी भिंतीला उभी करून ठेवली होती. गेल्या आषाढात काळूरामचा धाकटा भाऊ बुधाजी हट्टाने होडी घालून गेला. तो आला नाही, ही फळी तेवढी वाळूला लागली. काळूराम त्याच रक्ताचा. एकदा बोलला की करून मोकळा होणारा. या भीतीने केसरला रात्र रात्र झोप नसे. इकडे पोर, तिकडे नवरा, आणि मध्ये त्या पुड्या.

काळूराम जाळं सांधायला शेजारी गेला. केसरने हंडा उचलला.

"वाईच बस गो हिच्यापाशी. पानी घेऊन येते."

भागुबाई बसली. रंगू दाराकडे बघत पडून राहिली. आईची पावलं दूर गेली तशी तिने भागुबाईचा पदर ओढला.

"मावशे, आये गेली?"

"गेली. का गो?"

"उद्यापास्नं त्या पिठात वाईच कडूनिंबाचा पाला वाटून घाल," रंगू हळूच म्हणाली. "काल आये कागद चाटाया निगाली व्हती. मी रडले म्हून ऱ्हायली. तिला कळलं, तं बा होडी घालंल."