न आलेला मेसेज

मनीषच्या खिशातला जुना फोन पुन्हा टुणकन वाजला आणि दादासाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"कोन एवढी आठवन काढतंय म्हनायचं?"

याच फोनपायी मागच्या स्थळी मनीष मुलगी बाहेर यायच्या आतच ऑफिसकडे पळाला होता. आज मारुंजीच्या या घरातून होकार घेतल्याशिवाय उठायचं नाही, असा त्याचा निश्चय होता. दादासाहेबांच्या मुलीला, किमयाला, पाहिल्यावर तर तो हट्टच झाला.

"आमचा हिंजवडीचा सर्व्हर आहे," तो म्हणाला. "त्यावर मागं कामं चालू असतात. पगार, बिलं. ती चालू आहेत का, हे त्यानं दर पाच मिनिटांनी बघायचं आणि ठीक असेल तर मला मेसेज करायचा, असं लावून दिलंय मी."

"ठीक हाय तर कशाला कळवायचं? बिगडलं की सांग म्हनावं!"

"बिघडला की तोच बंद पडतो. मेलेला माणूस कळवणार कसा? मेसेज आला नाही, की आपण समजायचं."

शुभ बैठकीत 'मेलेला' ऐकून मनीषच्या आईनं, नलिनीबाईंनी, डोळे मिटून घेतले. दादासाहेबांना मुद्दा पटला, म्हणूनच तो आवडला नाही.

"किमे, त्यो फोन आत ठिव. मानसांना बोलू दे."

किमया फोन आत घेऊन गेली. भिंतीपलीकडून टुणटुण येत राहिली आणि बैठक रंगली. मानपान निघाला, कार्यालय निघालं. मनीष सगळ्याला मान डोलवत होता. तारखेवर गाडी आली आणि त्याची मान थांबली. तो उठला.

"कुटं?"

"फोन वाजला नाही."

"वाजतोय म्हनून उटनारी लई बघितली. वाजला न्हाई म्हनून उटताय व्हय?"

"मन्या, बस खाली," नलिनीबाई दातांतून बोलल्या. "आज उठलास, तर पुन्हा तुझ्यासाठी कुणाची पायरी चढणार नाही."

मनीषनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा आतल्या दाराकडं. तरी तो चपला शोधू लागला.

आतल्या दारात किमया येऊन उभी राहिली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात त्याची बॅटरी.

"बसा. सर्व्हर ठीक असेल. ही मीच काढली." मग ती वडिलांकडं वळली. "बाबा, मला हे पसंत आहेत. न वाजलेलंही यांना ऐकू येतं. आपल्या घरात आई दिवाळीपासून गप्प आहे. तुम्हाला कळलंय का?"