जागा शिल्लक नाही

चाळीस मिनिटं वाचून झाल्यावर वहिनींनी बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ उमटली. डिस्कवर जागा शिल्लक नाही. रेकॉर्डिंग जतन झाले नाही.

त्यांनी चष्मा पुसला आणि ती ओळ परत वाचली. मग बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दाराला लावलेली जाड चादर बाजूला करून हाक मारली, "भाऊजी, जरा येता का?"

दीर चहाचा कप हातात घेऊनच आले. वीज कंपनीतून निवृत्त झाल्यापासून घरातले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात होते, आणि एकूणएक संगणकावर त्यांनी विंडोज काढून लिनक्स घातलं होतं. वहिनींचा जुना संगणकही त्यातून सुटला नव्हता.

"चौदावा पाठ गेला," वहिनी म्हणाल्या. "शेवटचा. त्या मुलीचा उद्या दहाला पेपर आहे."

त्या मुलीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तिच्याशी कधी बोलल्याही नव्हत्या. अंधांच्या वाचनालयाने भूगोलाचं पुस्तक हातात दिलं होतं. वहिनी रोज एक पाठ वाचायच्या. कमी नाही, जास्त नाही. तो वाचनालयाच्या क्लाउडवरच्या फोल्डरमध्ये जायचा आणि तिथून ती तो ऐकायची.

दिरांनी खुर्ची ओढली. पडद्यावर आज्ञा द्यायची काळी खिडकी उघडून तिच्यात भराभर काहीबाही टाइप केलं.

"हे बघा. वाचनालयाचं अख्खं फोल्डर इथे उतरलंय. तुमचं एकटीचं नाही, सगळ्या वाचकांचं. दोनशे पुस्तकं!"

"तिथल्या बाई म्हणतात, उजवं बटण दाबा आणि 'फक्त क्लाउडवर ठेवा' निवडा. म्हणजे इथलं रिकामं होतं आणि तिथलं तसंच राहतं. बाकी सगळ्यांकडे होतं म्हणे."

"बाकी सगळ्यांकडे विंडोज आहे. लिनक्ससाठी काढलेल्या प्रोग्रॅममध्ये ती सोयच ठेवलेली नाही."

"का पण?"

"हा दोष लिनक्सचा नाही हं, वहिनी. ती क्लाउडवाली कंपनीच तसली. आम्हा लिनक्सवाल्यांच्या पानात उरलंसुरलं वाढते."

"मला दोष नकोय, भाऊजी. जागा हवीय."

"तीन वर्षांपूर्वीच तक्रार केलीय मी. एकशे बारा जणांनी खाली 'मलाही हाच त्रास' असं लिहिलंय."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? तुम्ही एकशे तेराव्या."

वहिनी हसल्या नाहीत. तेव्हा दीर जरा सावरून बसले. फोल्डर उघडून वरखाली करू लागले.

"एखादं पुस्तक उडवू या. हे शेतीशास्त्र पाहा, केवढी जागा खातंय. तुम्हाला काय करायचंय त्याचं?"

त्यांनी डिलीट दाबलं. चौकट आली. ही फाइल क्लाउडमधून आणि सर्व सदस्यांच्या संगणकांवरून काढली जाईल. पुढे जायचे?

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं. या घरात येऊन इतकी वर्षं झाली, दिराच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"ते ज्या मास्तरांनी वाचलंय ना," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता त्यांना आवाज नाही."

दिरांनी चौकट बंद केली.

"मग तुमचाच एखादा आधीचा पाठ काढू?"

"आज ती उजळणी करत असेल. नेमका तोच लागला तर?"

"म्हणजे हेही नाही आणि तेही नाही." दिरांनी कपाळाला हात लावला. "थांबा, दुसरं काहीतरी करून बघतो. तासाभरात होईल. दोन तास धरा."

"आणि मग मी परत चाळीस मिनिटं वाचायचं."

"ते तर वाचावंच लागेल."

"वाचायचंच आहे, तर तुमच्या त्या कंपनीला मध्ये कशाला घ्यायचं?"

वहिनींनी वाचनालयाला फोन लावून मुलीचा नंबर घेतला. दीर थंडगार चहा पीत पडद्याकडे रागाने बघत राहिले.

पलीकडून बारीक आवाज आला. वहिनींनी आपण कोण ते सांगितलं, झाला प्रकार सांगितला आणि पुस्तक उघडलं. पाठ चौदा, सागरी प्रवाह. उष्ण प्रवाह विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे वाहतात. थंड प्रवाह ध्रुवांकडून विषुववृत्ताकडे. सकाळपासून बोलून बोलून आवाज बसत चालला होता, तरी एकेक शब्द सुटा करून त्या वाचत होत्या.

दुसऱ्या पानावर मुलगी मध्येच म्हणाली, "बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुम्ही मध्ये श्वास घेता?"

वहिनींना काही कळेना. "म्हणजे गं?"

"नाही, मी सगळे पाठ दुप्पट वेगाने ऐकते. आम्ही सगळेच तसं ऐकतो. आणि मधल्या रिकाम्या जागा फोनच कापून टाकतो." ती थोडी ओशाळली. "तेरा पाठ ऐकले तुमचे. श्वास आज पहिल्यांदाच ऐकला."

वहिनींचं बोट ओळीवर तसंच राहिलं. पुढचं वाक्य लांबलचक होतं.

"घ्या ना सावकाश," मुलगी म्हणाली. "मी थांबलेय."