बाहेरून कडी

‘घर कोण बघणार?’ म्हणून नवऱ्यानं क्लास बंद पाडला, तेव्हापासून सून सामानाच्या खोलीत गाद्यांआड बसून चोरून स्पॅनिश शिकत होती. आब्लो, आब्लास, आब्ला. मी बोलते, तू बोलतोस, तो बोलतो. आज चार वाजता फोनवर तोंडी परीक्षा होती, आणि पास झाली तरच नोकरी. सासूबाईंनी मात्र सकाळीच टोकलं होतं, "भिंतींशी काय पुटपुटतेस गं? आम्ही काय बहिरे आहोत?"

चाराला पाच कमी असताना बाहेरून खाडकन कडी लागली. "आई, मी आत आहे हो!" ती दबक्या आवाजात म्हणाली. तेवढ्यात नवऱ्याची पावलं दाराशी आली. "आई, ही कुठाय?" आता आपला पंचनामा होणार, तिला वाटलं. तेवढ्यात चार वाजले आणि परीक्षेच्या कॉलनं हातातला फोन थरथरू लागला.



"बाहेर गेलीय ती, तासभर यायची नाही," दाराला पाठ टेकत सासूबाई म्हणाल्या, "चहा हवाय ना? मग हात आहेत की तुला, कर. आणि मलाही आण, इथंच."